व्हायकिंग हॉटेलातल्या दोन ड्युट्या

पहाटे ४:३०

बाहेर लख्ख उजेड आहे. जूनच्या मध्यावर आइसलंडमध्ये सूर्य रात्री बाराच्या सुमारास मावळतो आणि तीनला परत वर येतो. मधल्या तासांतही काळोख असा पडत नाही. हाफ्नारफ्योर्दुर हे बंदराचं गाव, राजधानी रेक्याविकपासून दहाएक किलोमीटरवर. गावात एक व्हायकिंग थाटाचं हॉटेल आहे. छपराच्या टोकांवर लाकडात कोरलेली ड्रॅगनची डोकी. आत जाड खांब, भिंतींवर ढाली, लांब बाकांवर मेंढ्यांची कातडी.

स्वागतकक्षात रात्रपाळीचा मुलगा कागदी पिशव्या भरतोय. एका पिशवीत चीज घातलेला पाव, एक सफरचंद, ज्यूसचा छोटा डबा. केफ्लाविक विमानतळावरून युरोपकडची विमानं सकाळी लवकर सुटतात. न्याहारीची वेळ होण्याआधी निघणाऱ्यांना ती अशी बांधून द्यावी लागते. एका पाहुण्याने शिंगांचं शिरस्त्राण विकत घेतलंय. बॅगेत ते काही केल्या मावत नाही. शेवटी हातात धरूनच तो बसमध्ये चढतो.

व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं नव्हती. नॉर्वेत ग्येर्मुन्दबू इथे १९४३ मध्ये सापडलेलं शिरस्त्राण साधं, गोल, लोखंडी आहे. शिंगं आली १८७६ मध्ये, वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोप्लरने काढलेल्या पोशाखांतून. रात्रपाळीच्या मुलाला हे ठाऊक आहे. कुणी विचारलं तर तो नीट समजावून सांगतो. पण रोज खपतात ती शिंगवालीच.

सकाळी ७:५०

खोल्या आवरणारी ती चालत येते. घर वीस मिनिटांवर. पोलंडच्या बाल्टिक किनाऱ्याकडची. आइसलंडमध्ये बाहेरून आलेल्यांत पोलिश लोक सगळ्यांत जास्त, वीस हजारांच्या वर, आणि अख्ख्या देशाची वस्ती चार लाखांच्या आत. नवराही याच हॉटेलात, स्वयंपाकघरात. त्याची ड्युटी संध्याकाळची. दोघांनी मला मागे-मागे फिरू दिलं, एका अटीवर: नावं घालायची नाहीत, हॉटेलचंही नाही.

ती बूट काढते, रबरी तळव्याचे चढवते. काळा टी-शर्ट, काळी पँट. अंगरखा आणि चामडी पट्टा संध्याकाळी वाढणाऱ्यांना. खोल्या आवरणाऱ्यांना व्हायकिंग व्हावं लागत नाही.

भिंतीवर यादी लागलीय. तिच्या वाट्याला आज तेरा खोल्या. आठ रिकाम्या होणार, पाचांतले पाहुणे राहणार. गावात व्हायकिंग जत्रा सुरू आहे, हॉटेल भरलेलं आहे. ही जत्रा इथे पहिल्यांदा १९९५ साली भरली. या आठवड्यात तेरा खोल्या, एरवी दहा-अकरा.

सकाळी ८:१५

ट्रॉली भरणं हे वेगळंच काम आहे. खाली चादरी, मध्ये खोळी, वर अभ्रे. एका बाजूला मोठे टॉवेल, दुसरीकडे हातापुरते. साबण, टॉयलेट पेपर, कॉफीची पाकिटं. फडकी तीन रंगांची: लाल संडासासाठी, पिवळी बेसिनला, निळी बाकी सगळ्याला. टोकाला वायपर आणि व्हॅक्यूम. "आत्ता एखादी वस्तू विसरले तर दिवसभरात चार वेळा जिना," ती म्हणते. ट्रॉलीचं एक चाक उजवीकडे ओढतं. ती ढकलताना डावा हात थोडा पुढे ठेवते.

सकाळी ९:००

पहिली खोली. दार उघडून ती आधी खिडकी उघडते, मग पलंगाकडे जाते.

इथल्या दुहेरी पलंगावर दुलया दोन असतात, माणशी एक. वरून चादर घालायची पद्धत नाही. म्हणजे खोली रिकामी झाली की दोन खोळी बदलायच्या. आठ खोल्या, सोळा खोळी. नवीन माणसाला एका खोळीला पाच मिनिटं लागतात. हिला मिनिटभर पुरतं. खोळ आधी उलटी करायची. दोन्ही हात आत घालून तिचे लांबचे कोपरे बोटांत धरायचे. त्याच बोटांनी कापडावरून दुलईचे दोन कोपरे पकडायचे. मग हात वर करून एक झटका. खोळ सुलटी होत दुलईवर उतरते. खालची दोन टोकं खेचायची, दुलईची घडी घालून पायथ्याशी ठेवायची. झालं.

तो झटका उजव्या खांद्यातून येतो. तिचा खांदा दोन वर्षांपासून दुखतोय. ती फिजिओथेरपीला जाते. इथली कामगार संघटना ह्लीफ. संघटनेच्या आजारपणाच्या निधीतून त्या खर्चाचा काही भाग परत मिळतो. पावत्या ती एका बिस्किटाच्या डब्यात ठेवते.

खिडकीला जाड काळा पडदा आहे. मध्ये बोटभर फट राहते, आणि रात्रभर तिच्यातून उजेड येतो. पाहुण्यांनी कपाटातला पँटचा चिमट्याचा हँगर लावून फट बंद केलीय. जूनमध्ये बहुतेक खोल्यांत हेच सापडतं. ती हँगर काढून कपाटात ठेवते. संध्याकाळी नवे पाहुणे तोच काढून परत लावणार.

सकाळी १०:३०

न्हाणीघर. शॉवरच्या जाळीत काळी वाळू. हे सगळं गाव लाव्हाच्या थरावर वसलंय आणि पाहुणे दिवसभर काळ्या किनाऱ्यांवर फिरून येतात. वाळू बुटांतून येते, मोज्यांतून येते, गालिच्यात शिरते. व्हॅक्यूमची पिशवी इतर महिन्यांपेक्षा जूनमध्ये लवकर भरते. जाळी ती स्क्रू-ड्रायव्हरने उचकटते, वाळू चमच्याने काढते. चमचा हॉटेलच्या स्वयंपाकघरातला, वाकलेला, याच कामासाठी बाजूला काढलेला.

गरम पाणी सोडलं की अंड्यासारखा वास येतो. इथलं गरम पाणी भूगर्भातल्या उष्णतेचं, म्हणून गंधकाचा वास. थंड पाण्याला वास नाही, ते थेट नळाचं प्यायचं. पाहुणे स्वागतकक्षात फोन करतात, पाणी खराब झालंय म्हणून. या पाण्याने चांदी काळी पडते. लग्नातली चांदीची साखळी तिने पहिल्याच वर्षी काढून ठेवली.

फरशीवरचं पाणी वायपरने ओढते. आरसा निळ्या फडक्याने. मग दारात उभी राहून एक नजर, डावीकडून उजवीकडे. उशीवरचा एक केस उचलते. पुढची खोली.

दुपारी १२:००

जेवणाची सुट्टी अर्धा तास. कर्मचाऱ्यांच्या खोलीत कालचं माशांचं सूप, राईचा काळा पाव, लोणी. ती पटापट जेवते आणि पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवते.

पैशांबद्दल ती मोकळेपणाने बोलते. आइसलंडमध्ये किमान वेतनाचा सरकारी कायदा नाही. दर ठरतात संघटना आणि मालकांच्या करारांत. तिला दिवसा तासाला पावणेतीन हजार क्रोनांच्या आसपास मिळतात. शंभर क्रोना म्हणजे आपले साठ-सत्तर रुपये. त्यातून आधी निवृत्तिनिधीला ४ टक्के, मालक आपले ११.५ टक्के भरतो. मग कर. दोन खोल्यांच्या घराचं भाडं अडीच लाखांच्या वर. इथे टिप द्यायची रीत नाही. कुणी उशाशी नाणी ठेवली, तर ती बहुधा दुसऱ्याच देशाची असतात.

आठवड्यातल्या दिवशी संध्याकाळी पाच ते बाराच्या कामाला ३३ टक्के जास्त. रात्री बारानंतर आणि शनिवार-रविवारी ४५ टक्के. नवऱ्याने संध्याकाळ घेतली ती यासाठीच. दुसरंही कारण आहे. घरी आठ वर्षांची मुलगी आहे. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की कुणीतरी हाताशी असावं लागतं. सकाळी तो, संध्याकाळी ही.

८ मार्च २०१९ ला रेक्याविकच्या हॉटेलांतल्या सफाई करणाऱ्या बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं होतं. तेव्हा ती तिथे एका मोठ्या हॉटेलात होती. "थंडी होती," ती म्हणते, "आणि त्या दिवशी मॅनेजर लोक पलंग लावत होते." मग घड्याळ बघते. बारा अठ्ठावीस.

दुपारी २:००

तिच्या शेवटच्या चार खोल्या उरल्यात. मी तासभर जत्रेत जाऊन येतो.

तंबू, लोहाराचा भाता, धनुष्यबाण. माझे पाय थांबतात ते एका उभ्या मागापाशी. भिंतीला टेकवलेली लाकडी चौकट. वरून लोकरीचे ताणे सुटलेले, खाली त्यांना छिद्रं पाडलेले दगड बांधलेले. विणणारी बाई उभी. एक ओळ घालायची तर मागाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पावलं टाकायची, मग हात वर करून धागा ठोकून बसवायचा. दिवसभर उभ्याने.

या कापडाला वाद्माउल म्हणतात. मध्ययुगीन आइसलंडमध्ये चांदी कमी पडली तेव्हा हेच कापड पैसा म्हणून चालायचं. दंड, कर, देणी कापडाच्या लांबीत मोजत. ते विणायच्या बायका. लुटीच्या, जहाजांच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. पण जहाजाचं शीडही असंच लोकरीचं, आणि एक मोठं शीड विणायला अनेक हातांना कितीतरी महिने लागत. मला वाटतं, व्हायकिंगांच्या नावाने काही उभारायचं तर दारात तलवारीऐवजी हा माग ठेवायला हवा.

माग बघायला आलेल्या मुलांत पिवळी जॅकेटं घातलेली चार-पाच पोरं आहेत. हातात कचऱ्याच्या पिशव्या आणि चिमटे. ही विन्नुस्कोलीची, म्हणजे नगरपालिकेच्या उन्हाळी कामाची मुलं. चौदा-पंधरा वर्षांची पोरं बागा खुरपतात, रस्ते झाडतात, त्यांना तासावर पैसे मिळतात. त्यांतला एक हॉटेलातल्या त्या दोघांचा थोरला मुलगा. मी हात करतो, तो मान हलवतो आणि कामाला लागतो.

दुपारी ३:१५

तेरावी खोली. इथे चार तरुण राहिले होते. डबे आणि बाटल्या कोपऱ्यात रचलेल्या. आइसलंडमध्ये दुकानात डबा किंवा बाटली घेताना अनामत घेतात, परत दिली की पैसे मिळतात. ही पद्धत १९८९ पासूनची. आता एकाला वीसेक क्रोना. पाहुण्यांना हे बहुधा माहीत नसतं, असलं तरी विमानतळाच्या घाईत कोण जातंय. इथे खोलीतले डबे आवरणाऱ्याचे, असा अलिखित नियम आहे. ती सव्वीस डबे मोजते आणि निळ्या पिशवीत टाकते. पैसे मुलीच्या पोहण्याच्या चष्म्यासाठी.

पलंगाखाली लोकरी मोजा सापडतो. पाकिटात घालून, खोलीचा नंबर आणि तारीख लिहून, स्वागतकक्षातल्या कपाटात.

दुपारी ४:००

मागच्या दारी जुनी टोयोटा येते. नवरा गाडी चालवतोय, मागे मुलगी, फुटबॉलच्या शिबिरातून सरळ आलेली, गुडघे हिरवे. तो उतरतो, ती आत बसते. किल्ली या हातातून त्या हातात. तो सांगतो: दूध संपलंय, मुलीचा पाय थोडा मुरगळलाय पण सुजलेला नाही, विजेचं बिल मेलवर आलंय. ती सांगते: भांडी धुणारा मुलगा आज उशिरा येणार, तीन नंबरचा ओव्हन नीट लागत नाही. चार मिनिटं. गाडी निघते. आठवड्यातल्या पाच दिवसांत ते एकमेकांना जागे असताना भेटतात ते एवढंच.

दुपारी ४:१५

मेंढीच्या कोकराच्या नळ्या सकाळपासून मंद आचेवर आहेत. ते काम दिवसपाळीच्या आचाऱ्याने लावून ठेवलंय. हा झाकण उचलून काटा घालतो. मांस हाडापासून सुटतंय. आता रस गाळून आटवायचा. दुसऱ्या पातेल्यात क्योत्सूपा, कोकराच्या मांसाचं सूप: बटाटा, गाजर, कोबी आणि रोफा नावाचं पिवळसर कंदमूळ. रोफा कठीण असतो. त्याची सुरी मोठी, आणि तिची मूठ फडक्याने गुंडाळलेली.

मग तो वेगळे हातमोजे चढवतो आणि दुसऱ्या फ्रीजमधून एक बंद डबा काढतो. हाउकार्ल. हा ग्रीनलंड शार्क. ताजं मांस विषारी, खाल्लं तर माणूस दारू प्यायल्यासारखा झिंगतो आणि आजारी पडतो. म्हणून ते काही आठवडे दाबून मुरवतात, मग उघड्या शेडमध्ये वाऱ्यावर महिनोन्‌महिने टांगून ठेवतात. बाहेर तपकिरी साल धरते, ती कापून टाकायची. आतला भाग पांढरा, चिकट. डबा उघडताच अमोनियाचा भपकारा डोळ्यांत जातो. तो बोराएवढे तुकडे करतो, प्रत्येकात एक काडी टोचतो. पाटही वेगळा. त्या पाटावर दुसरं काहीही चिरायचं नाही, हे लाल अक्षरांत आइसलँडिक, पोलिश आणि इंग्रजीत लिहिलंय.

संध्याकाळी ६:३०

मोठ्या दालनात वाढणारे कपडे बदलून येतात. लिननचे अंगरखे, कमरेला पट्टा. एक मुलगी विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकते, उन्हाळ्यात हे काम. दुसरा गातो आणि थाळ्याही उचलतो. गाणाऱ्याला वेगळे पैसे मिळतात का, असं मी विचारतो. तो सांगतो, गाण्याचे वेगळे, पण गात असताना थाळ्यांचा तास धरत नाहीत.

संध्याकाळी ७:००

बस येते. चाळीसच्या वर माणसं. दारातच शिंग फुंकतात, एका पाहुण्याला पकडून त्याच्या डोक्यावर मेंढीचं कातडं टाकतात, सगळे हसतात. मीही बाकावर बसतो. मेन्यूकार्डावर मेजवानीचा आकडा दहा हजार क्रोनांच्या वर. अर्धा लिटर बिअर दीड हजारांच्या घरात. बिअर आइसलंडमध्ये १ मार्च १९८९ पर्यंत बंद होती. कडक दारू चाले, बिअर चालत नसे.

आधी सुका मासा, हार्दफिस्कुर, लोण्यात बुडवून. दाताने तोडावा लागतो, पण चव मुरत जाते. मग हाउकार्ल. नाक न धरता चावायचा, असं वाढणारा सांगतो. पहिल्या क्षणी काहीच नाही, मग घशातून नाकात एकदम झणका. वरून ब्रेन्निविनचा छोटा पेला, शहाजिऱ्याच्या वासाची दारू. ती घशाखाली गेली की दोन्ही चवी मिटतात. समोरची जर्मन बाई दुसरा तुकडा मागते.

नळी येते लाकडी थाळीत. मऊ, रसाळ, काट्याच्या टोकाने सुटणारी. खरं सांगायचं तर शार्कपेक्षा लक्षात राहावी ती हीच. सोबत भाजलेला रोफा. शेवटी स्कीर, घट्ट दह्यासारखं, वर निळ्या बोरांचा रस. दूध नासवून टिकवायची ही रीत इथे पहिल्या वसाहतवाल्यांपासूनची. टेबलावरच्या, व्हायकिंगांशी सरळ नातं सांगणाऱ्या पदार्थांपैकी हा एक असावा.

रात्री ८:५०

आत भांडी. लाकडी थाळ्या यंत्रात घालता येत नाहीत. गरम वाफेने त्या तडकतात. चाळीसच्या वर थाळ्या हाताने, ब्रशने, कोमट पाण्यात. मग जाळीवर उभ्या वाळवायच्या, आणि आठवड्यातून एकदा तेल पुसायचं. प्यायची शिंगं त्याहून अवघड. गरम पाणी घातलं की शिंग मऊ पडतं आणि वास मारतं. लांब वाकडा ब्रश टोकापर्यंत घालायचा, थंड पाणी, मग उलटं टांगून ठेवायचं. भांडी धुणारा मुलगा फिलिपिन्सचा. तो शिंगं शेवटी घेतो, कारण तेव्हा पाण्याची घाई नसते.

तिचा नवरा चुली पुसतो. हिवाळ्यात काम वेगळं असतं, तो सांगतो. जानेवारीच्या उत्तरार्धात थोर्राब्लोत, म्हणजे हिवाळी मेजवान्या, सुरू होतात. आंबवलेले मेंढ्यांचे अंडकोश, केस जाळून उकडलेली मुंडकी, शार्क. तेव्हा पाहुणे बहुतेक गावचे, आणि ते शार्क मोजून खात नाहीत. या पदार्थांची लाकडी कुंडीतली एकत्र पंगत रेक्याविकच्या नाउस्तिद नावाच्या रेस्टॉरंटने १९५८ मध्ये मांडली, आणि तिथून ती घराघरांत गेली. पदार्थ जुने, पंगत हॉटेलातली. मला हे ऐकून बरं वाटलं. आचारी आणि वाढपी यांनाही देशाला एखादी रीत देता येते.

रात्री ११:२०

अंगरखे धुण्याच्या टोपलीत. लिनन आटतं म्हणून ४० अंशांच्या वर पाणी नाही. पट्टे बाजूला, ओल्या फडक्याने पुसायचे. रस्सा सांडलेल्या जागी तो आधी साबण चोळून ठेवतो. हे त्याचं काम नाही, पण सकाळी खोल्यांची माणसंच हे यंत्रात घालतात, आणि त्या माणसांत बायको आहे.

दाराजवळ उद्याची यादी. उद्या शनिवार, जत्रेचा मोठा दिवस. बायकोचं नाव आठ ते चार. त्याचं नाव बारा ते बारा. दोघांनाही ४५ टक्के जास्त. बारा ते चार घरी कुणी नाही, आणि शनिवारी फुटबॉलचं शिबिर नसतं.

तो घरी फोन लावतो. ती जागीच आहे. फोन मुलाकडे जातो. मुलगा म्हणतो, चार तास बहिणीला सांभाळीन, पण विन्नुस्कोलीत मिळतो तो दर हवा. ती मागून ओरडते, घरचं काम आहे, अर्धा दर. मुलगा म्हणतो, शनिवार आहे, मला पण ४५ टक्के. नवरा भिंतीला टेकून हसतो, मग हिशेब करतो: दोघांच्या चार-चार तासांचे जास्तीचे पैसे किती, त्यातून मुलाचे किती जातील. पुरा दर, टक्के नाहीत, आणि दुपारचं जेवण मुलानेच गरम करायचं. मुलगा पिझ्झा मागतो. तो म्हणतो, फ्रीजमध्ये क्योत्सूपा ठेवतो, ते खा.